ऑगस्टचं पान

सर्व्हेअर दहाला येणार होती आणि वेल्मा सकाळी साडेसहापासून एका जागी टिकत नव्हती. गुरुवारी एजंटने फोनवर जे सांगितलं, ते तिने अजून कोणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. आज विमा कंपनीची ती परकी पोरगी तेच सगळ्यांसमोर सांगणार होती. ममाँसमोर. त्या वेळी आपण नेमकं कुठे उभं राहायचं, कोणाकडे बघायचं, याचाच विचार वेल्मा तीन दिवस करत होती.

सगळे घराखाली जमले होते. शेरामींचं घर खांबांवरचं. खाली गाडी, बोट आणि कोळंबीची जाळी ठेवायची, वर राहायचं. पण वर कोणाला राहता येत नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी ऑर्सन वादळाने खाडीकडच्या उताराचा पत्रा केळीचं साल काढावं तसा सोलून नेला होता. आता तिथे निळी ताडपत्री होती, आणि वारा आला की ती अशी फडफडायची की बोलणं थांबवावं लागे.

ममाँ, म्हणजे वेल्माची आई, एक्याऐंशी वर्षांची ओडील शेरामी, घडीच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. वादळाआधी घर सोडताना तिने त्या पिशवीत तीनच वस्तू घेतल्या होत्या: जपमाळ, नवऱ्याचा फोटो आणि मासेमारीच्या दुकानात फुकट मिळणारं भरती-ओहोटीचं कॅलेंडर. गेले दोन आठवडे ती थिबोडोला वेल्माच्या घरी होती. कुरकुर नाही, मागणं नाही. फक्त रोज सकाळी कॉफीचा पहिला घोट घेऊन विचारायची, "घरी कधी जायचं गं?" आणि वेल्मा रोज म्हणायची, "सर्व्हेअर येऊन जाऊ दे."

तर ती आज येणार होती.

डडली, वेल्माचा धाकटा भाऊ, गॅसच्या शेगडीवर गंबोचं, म्हणजे कोळंबीच्या दाट रश्श्याचं, पातेलं ढवळत होता. बाप्तिस्मा असो, मयत असो की विम्याचं काम असो, खाडीच्या खालच्या अंगाला चार माणसं जमणार म्हटलं की पातेलं चढतंच. थोरला रॉलंड आदल्या दिवशी ह्यूस्टनहून आला होता. त्याच्या शर्टाच्या खिशात एक पत्र होतं आणि त्यात काय आहे हे सगळ्यांना माहीत होतं. बॅटन रूजच्या कोणा डॉक्टरला सुट्टीत मासे पकडायला घर हवं होतं, आणि तो मोडक्या छपरासकट घ्यायला तयार होता. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"मी काय म्हणतो," डडली डाव हलवत म्हणाला, "ठेकेदारानं छपराचे एकोणीस हजार सांगितलेत. आपल्या पदरचा वाटा पाच टक्के. एकोणीस हजारांचे पाच टक्के म्हणजे हजाराच्या आत. तेवढे मी एका खेपेच्या कोळंबीवर काढीन."

"यंदाचा भाव बघता दोन खेपा लागतील," त्याची बायको शार्लीन म्हणाली. "आणि त्यात डिझेल तुझे आजोबा घालतील."

"बरं, दोन. पण मग विकायचं कशाला?"

"पाच टक्के कुठून आले?" रॉलंडने विचारलं. "पपा होते तेव्हा दोन होते. मला चांगलं आठवतं."

वेल्मा कागदी ताटल्या मोजायला लागली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. तिला वाटलं, सगळे आपल्याकडेच बघतायत. "बदलतं ते," ती म्हणाली. "दरवर्षी काही ना काही बदलतं."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी पपा गेले आणि त्याच साली हप्ता असा वाढला की पाकीट फोडल्यावर वेल्मा आधी नाव तपासून आली होती, शेजाऱ्याचं तर नाही ना आलं म्हणून. ममाँचं मुखत्यारपत्र तिच्याकडे होतं. एजंट म्हणाला, वादळाची वजावट, म्हणजे भरपाईआधी आपण सोसायचा वाटा, दोनाची पाच टक्के केली तर हप्ता बराच खाली येईल. वेल्माने शाळेच्या उपाहारगृहाचा हिशोब तीस वर्षं सांभाळला होता, टक्के तिला कळत होते. नुकसान झालं तर शंभरातले पाच आपले, पंच्याण्णव कंपनीचे, असं तिने धरलं आणि सही केली. घरी जाताना तिने स्वतःसाठी आइस्क्रीमसुद्धा घेतलं होतं. ते आइस्क्रीम तिला गुरुवारपासून सारखं आठवत होतं.

सर्व्हेअर दहाला पाच मिनिटं कमी असताना आली. केंड्रा प्रिचर्ड नाव, नेब्रास्काची. वय फार तर अठ्ठावीस. बुटांना चिखल लागला तरी तिने खाली पाहिलं नाही, हे डडलीला आवडलं. तिने शिडी लावली, ताडपत्रीचं टोक सोडवलं, छपरावर चढली, मग वरच्या खोल्यांत गेली. पाऊण तास तिच्या पावलांचा आवाज सगळ्यांच्या डोक्यावर फिरत राहिला. स्वयंपाकघर, मधली खोली, मग बराच वेळ ममाँच्या झोपायच्या खोलीत.

"तिथे काय एवढं बघतेय?" डडली पुटपुटला.

"ओल," रॉलंड म्हणाला. "मी सकाळी पाहिली. भिंत हाताला ओलसर लागते. छप्पर महिन्याभरात झालं नाही तर भिंतीही जातील, मग डॉक्टरसुद्धा घेणार नाही."

 ममाँने पिशवीचा बंद बोटाभोवती गुंडाळला.

केंड्रा खाली आली. आधी कॉफीला नको म्हणाली, मग शार्लीनने हातातच कप दिल्यावर घेतली. "ठेकेदाराचा अंदाज बरोबर आहे," ती म्हणाली. "मीही एकोणीस हजारच धरतेय."

"देव भलं करो," डडली म्हणाला.

"आता वजावटीचं सांगते. मिसेस शेरामी, तुमच्या पॉलिसीत वजावटी दोन आहेत. नळ फुटला, आग लागली, चोरी झाली, तर पहिले हजार डॉलर तुमचे आणि पुढचे कंपनीचे. पण हवामान खात्यानं नाव दिलेल्या वादळानं नुकसान केलं असेल तर ती वजावट लागत नाही. दुसरी लागते. पाच टक्क्यांची."

"ते माहितीये आम्हाला," डडली म्हणाला. "हजाराच्या आतच येते."

केंड्राने कप खाली ठेवला. तो तिने ज्या तऱ्हेने ठेवला, त्यावरूनच वेल्माला कळलं, ही पोरगी हे वाक्य याआधी अनेक घरांत बोलली आहे.

"नुकसानीचे पाच टक्के नाहीत हो. घराचा विमा जेवढ्या रकमेचा आहे, तिचे. घर तीन लाखांचं उतरवलंय. त्याचे पाच टक्के म्हणजे पंधरा हजार. एकोणीसमधले पहिले पंधरा तुमचे."

ताडपत्री फडफडली. 

"म्हणजे आम्हाला चार हजार?" डडलीने विचारलं. त्याचा डाव पातेल्यात तसाच उभा होता.

"चार हजार."

"चार हजारांत छप्पर नाही येत. नवी ताडपत्री येईल," शार्लीन म्हणाली. "आवडीच्या रंगाची."

रॉलंड मात्र वेगळंच मोजत होता. "दोन टक्के असते तर सहा हजार आपले आणि तेरा कंपनीचे. पाच कोणी केले?"

आता. वेल्माने ताटल्या खाली ठेवल्या. "मी केले."

"काय?"

"मी केले. पपा गेले त्या साली. हप्ता परवडत नव्हता. मला वाटलं नुकसानीचे पाच टक्के. डडलीला आता वाटलं ना, तस्सं."

"वाटलं? ममाँचं घर आहे ते, वेल्मा! विचारावं तरी माणसानं!"

"नाही विचारलं."

"आणि आम्हालाही सांगितलं नाहीस. दोन वर्षं अळीमिळी गुपचिळी. आजसुद्धा तुला माहीत होतं. होतं ना? ताटल्या मोजत बसली होतीस."

"गुरुवारी कळलं," वेल्मा म्हणाली. तिने ममाँकडे बघायचं टाळलं. ममाँला सोडून ती सगळ्यांकडे बघू शकत होती.

आणि मग जे झालं ते कोणाच्याच स्वप्नात नव्हतं. शार्लीन उठून वेल्माच्या शेजारी येऊन उभी राहिली. या दोघींचं पंचवीस वर्षांत बटाट्याच्या सॅलडमध्ये मोहरी किती घालावी यावरसुद्धा एकमत झालेलं नव्हतं.

"रॉलंड, तोंड उघडलंच आहेस तर हेही ऐक. हप्ता तिघांनी भरायचा ठरलं होतं. तुझा तिसरा हिस्सा कुठे होता?"

"शार्लीन, नको," वेल्मा म्हणाली.

"का नको? एजंटाच्या कचेरीत माझी मावसबहीण बसते. या खाडीवर कोणाचं काय झाकून राहिलंय? दोन वर्षं याचा एक डॉलर आलेला नाही. हिनं तुझा हिस्सा स्वतः भरला, आणि तोही परवडेना तेव्हा पाच टक्के घेतले. ज्याचं करावं बरं, तो म्हणतो माझंच खरं!"

रॉलंडचा चेहरा उतरला. तो आधी खवळल्यासारखा दिसला आणि मग एकदम दमल्यासारखा. "माझी नोकरी गेली होती," तो म्हणाला. "चौदा महिने घरी होतो. इकडे कोणाला सांगणार होतो? थोरला ना मी."

त्याने हे पपांच्या जुन्या बोटीकडे बघत सांगितलं. डडलीने शेगडी बारीक केली. केंड्राने हातातल्या टॅबलेटवर उगाचच काहीतरी चाळलं, कारण दुसऱ्याच्या घरातलं भांडण ऐकताना सर्व्हेअरने काय करावं हे कोणत्याच प्रशिक्षणात शिकवत नाहीत. शेवटी तिने घसा साफ केला.

"एक विचारायचं राहिलं. मागच्या उताराचा पत्रा नवा बसवलेला दिसतो. खिळे चकचकीत आहेत. कधीचं काम?"

"ऑगस्टचं!" डडलीचा आवाज एकदम मोकळा झाला. "लेटा वादळ आलं ना, तेव्हा मागची बाजू गेली होती. वासेही मोडले होते तीन-चार. बावीस माणसं आली. दोन दिवसांत छप्पर उभं. बघितलंत ना? ऑर्सनला त्यातला एक खिळा उपटता आला नाही!"

"ठेकेदार कोण होता?"

डडली हसला. "ठेकेदार कसला? कू द मँ होतं ते." खाडीकाठची ही जुनी रीत, म्हणजे इर्जिकच. ज्याचं घर पडलं त्याच्याकडे सगळ्यांनी हत्यारं घेऊन जायचं, घरधनिणीने जेवू घालायचं, पैशाचं नाव काढायचं नाही. पैसे देऊ केले तर माणूस पुन्हा दारात येत नाही.

"आणि लेटाचा दावा केला होता?"

"छे! पपांचा नियम होता. कंपनीला हाक मारायची ती घर उडून गेल्यावरच. बारीकसारीक गोष्टीला दार ठोठावलं तर पुढच्या वर्षी पॉलिसीच बंद करतात. आम्ही सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं, कंपनीला कशाला सांगायचं?"

 केंड्राने एक लोखंडी स्टूल ओढलं आणि ती ममाँच्या समोर बसली.

"नीट ऐका. या राज्यात कायदा आहे. वादळाची वजावट प्रत्येक वादळाला वेगळी नसते. वर्षाला एक. जानेवारी ते डिसेंबर. लेटानं झालेलं नुकसान त्याच पंधरा हजारांतून वजा व्हायला हवं होतं. समजा ते आठ हजारांचं होतं, तर ऑर्सनसाठी तुमच्या पदरचे सातच उरतात. म्हणजे कंपनीकडून चार नाही, बारा हजार."

"पण खर्च झालाच नाही की," रॉलंड म्हणाला. तो पुन्हा माणसांत आला होता. "फुकट काम झालं."

"नुकसान तर झालं होतं ना? छप्पर कोणी प्रेमानं बसवून दिलं म्हणून ते उडालं नव्हतं असं होत नाही. पण कंपनीला पुरावा लागतो. पावत्या?"

"पत्रा नॉनक एल्मोच्या, म्हणजे आमच्या एल्मोकाकाच्या, मोडक्या गोठ्यावरचा," डडली म्हणाला. "खिळे माझ्या बोटीतले."

"फोटो?"

कोणी काढले नव्हते. हातात हातोडी असताना फोटो कोण काढतो?

"कोण कोण होतं, किती दिवस, काय काय बदललं? कुठे काही लिहिलेलं?"

डडलीने मान हलवली. इर्जिकीत कोण तास लिहितं? लिहिणं हाच अपमान. वेल्माला वाटलं, हेही आपल्याच कपाळी मारलं जाणार. कागद सांभाळणारी मी. ऑगस्टमध्ये इथेच भांडी विसळत उभी होते, एक ओळ लिहून ठेवली असती तर. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

"लिहिलंय," ममाँ म्हणाली.

तिने पिशवीतून कॅलेंडर काढलं. गुंडाळी सोडून ऑगस्टचं पान उघडलं, पण ते कोणाच्या हातात दिलं नाही. भरतीच्या वेळांच्या खाली, कडेला, मागच्या पांढऱ्या बाजूला, पेन्सिलीची अक्षरं मुंग्यांसारखी पसरली होती. ममाँची शाळा तिसरीत सुटली होती. शाळेत फ्रेंच बोललं की गुडघ्यावर बसवायचे, मग एक दिवस ती गेलीच नाही. त्यामुळे तिचं लिहिणं अर्धं फ्रेंच, अर्धं इंग्रजी, आणि बाकीचं तिचं तिलाच ठाऊक.

"ममाँ, तू तास लिहून ठेवलेस?" डडलीने जवळजवळ दुखावल्या आवाजात विचारलं.

"तास कशाला लिहू? माणसं लिहिली. कोण आलं, काय केलं. त्यांच्याकडे पडझड झाली की आपल्याला जायचं असतं. वय झालं, लक्षात राहत नाही. परतफेड झाली की पुढे खूण करते."

"मला याचा फोटो घेऊ द्याल?" केंड्राने विचारलं.

"नाही."

"ममाँ!" तिघं एकदम म्हणाले.

"हे बिल नाही," ममाँ म्हणाली. "एल्मो सदुसष्ट वर्षांचा होता. दिवसभर आढ्यावर बसून खिळे ठोकले त्यानं. सप्टेंबरात गेला. मी त्याला एकदा जेवू घातलं, बाकी माझ्याकडून राहून गेलं. आता त्याच्या दिवसापुढे तुमची कंपनी डॉलर लिहिणार?"

केंड्राने टॅबलेट मांडीवर पालथा ठेवला. "त्याच्या दिवसाची किंमत नाही लिहिणार," ती म्हणाली. "तो वर का चढला, ते लिहीन. छप्पर नव्हतं म्हणून. मला एवढंच सिद्ध करायचंय. कंपनी मानेलच असं वचन मात्र देत नाही."

ममाँने पानावरच्या एल्मोच्या नावावरून बोट फिरवलं.  एका पानावर सगळं अडलं होतं.

"ज्याचा दिवस, त्याला आधी विचारायचं," ममाँ शेवटी म्हणाली. "प्रत्येकाच्या दारात जाऊन. फोनवर नाही. एल्मोच्या बायकोला, आयोनलासुद्धा. हो म्हणाले तर पाठवा."

"बावीस घरं?" डडली म्हणाला.

"बावीस माणसं. घरं तेरा."

"मी गाडी चालवतो," रॉलंड म्हणाला. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. "सोमवारपर्यंत आहे की मी. तशीही मला बऱ्याच जणांची तोंडं बघायचीत."

ममाँने पान वेल्माकडे दिलं. "वाच. माझं अक्षर हिला नाही लागायचं."

वेल्माने चष्मा लावला. "एल्मो क्युरोल. आढं, एक दिवस. पत्रे अकरा, त्याचेच." पुढे खूण नव्हती. "लेस्टर आणि त्याचे दोघे मुलगे. वासे चार. खूण आहे. डडली. दोन दिवस, बडबड फार." शार्लीन खळखळून हसली. "शार्लीन. सगळ्यांना पाणी, सॅलड." वेल्मा थांबली. "मोहरी जास्त."

"लिहिलंय तसं?" शार्लीनने विचारलं.

"लिहिलंय."

रॉलंड तिच्या खांद्यावरून वाचत होता. त्याचं बोट यादीवरून वरून खाली गेलं आणि परत वर आलं. "माझं नाव नाही."

"तू आला नव्हतास," ममाँ म्हणाली. रागाने नाही. सूर्य कुठे उगवतो ते सांगावं तसं.

वेल्मा पुढे वाचत राहिली. केंड्रा टॅबलेटवर उतरवून घेत होती: पत्रे किती, वासे किती, कोणती बाजू. नावं संपत आली. बाविसावं नाव वाचून झालं आणि पानाच्या अगदी तळाशी, भरतीच्या शेवटच्या वेळेखाली, अजून एक ओळ होती. वेल्माने ती मनात वाचली आणि पान जवळ घेतलं.

"अजून कोणी?" केंड्राने विचारलं.

वेल्माने नाही अशी मान हलवली. 

"आहे की," ममाँ म्हणाली. "आहे ते वाच."

"वेल्मा," वेल्मा वाचू लागली. अक्षरं पाण्यात गेल्यासारखी हलत होती. "कागद. दोन वर्षं."

 डडलीने गॅस बंद केला. वेल्माने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सगळी ओळ तशीच होती, आणि तिच्यापुढे खूण नव्हती.

"ममाँ, माझ्यामुळे पंधरा हजार झाले," ती म्हणाली. "माझं नाव खोडून टाक तू."

"लेस्टरच्या धाकट्यानं एक वासा उलटा बसवला होता. त्याचं खोडलं का मी?"

"पण खूणही केली नाहीस."

"खूण परतफेड झाल्यावर. तुला माझ्या हातचं जेवू घालायचं राहिलंय," ममाँ म्हणाली आणि तिने वर, ताडपत्रीकडे पाहिलं. "माझी चूल वर आहे. मला घरी ने, मग करीन."

वेल्माने पानाची घडी घातली नाही. तसंच उघडं हातात धरून ती रॉलंडच्या गाडीकडे निघाली. पहिलं दार आयोनचं होतं.